विद्यापीठात अपंगत्वावरचा चित्रपट-कार्यक्रम भरवताना : आठ आठवड्यांचा क्रम

निमंत्रणपत्रिका छापून आलेली असते, शाली-श्रीफळं कपाटात येऊन पडलेली असतात, आणि कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना संध्याकाळी फोन येतो : "सर, साइन लँग्वेजवालं कुणी ओळखीचं आहे का?" दर नोव्हेंबरच्या अखेरीस असे तीन-चार फोन ठरलेले. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन राज्यभरातली कॉलेजं एकदमच साजरा करतात, आणि चांगले दुभाषे त्या तारखेला महिनाभर आधीच घेतलेले असतात.

फोन करणाऱ्यांची कळकळ खरी असते, चुकतो तो क्रम. आधी पाहुणे ठरतात, मग सभागृह, मग चित्रपट, आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशात 'सोयी'. मग अपंगत्वावरचा चित्रपट अंध प्रेक्षकाला कळत नाही, कर्णबधिर विद्यार्थी मागच्या रांगेत मोबाइल बघत बसतो, आणि व्हीलचेअरवरच्या वक्त्याला चार पोरं खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवतात. वर त्याचा फोटो वार्षिक अंकात छापून येतो.

खालचा क्रम एका दिवसाच्या, दोन-तीन चित्रपटांच्या आणि शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या कार्यक्रमासाठी आहे. कार्यक्रम मोठा असला तर आठवडे वाढवा, पण क्रम बदलू नका.

टप्पा १ : माणसं, तारीख, पैसे (आठ आठवडे आधी)

पहिल्याच बैठकीत किमान दोन अपंग विद्यार्थी किंवा कर्मचारी हवेत, आणि त्यांच्या अपंगत्वाचा प्रकार वेगवेगळा हवा. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला रॅम्पचं कळतं म्हणून कॅप्शनचंही (पडद्यावर लिहून येणारे संवाद आणि आवाज) कळेल असं नाही. कॉलेजात कुणीच नसेल तर गावातल्या संस्थेकडून माणूस मागा. 'सल्लागार' म्हणून नाव छापून मोकळं होऊ नका. चित्रपट निवडताना त्याचं मत धरलं जायला हवं, आणि बाहेरून येणाऱ्याला त्या कामाचं मानधनही द्यायला हवं.

तारीख शक्यतो ३ डिसेंबर टाळून घ्या. २३ सप्टेंबर (सांकेतिक भाषा दिन) आणि ४ जानेवारी (ब्रेल दिन) या तारखांना गर्दी कमी असते. सरळ ऑगस्टमधला एखादा बुधवार धरला तर आणखी उत्तम. वेळ सकाळी साडेदहा ते चार ठेवा. रात्री आठला संपणाऱ्या कार्यक्रमातून अंध मुलगी शेवटची एसटी कशी गाठणार, हा विचार पत्रिका छापण्याआधीचा आहे.

पैशांच्या यादीत दुभाषे, कॅप्शन, अंधांसाठीच्या वर्णनाचं ध्वनिमुद्रण आणि प्रवासखर्च या चार ओळी सगळ्यात वर लिहा. फुलं, बॅनर, स्मृतिचिन्हं खाली. कात्री लागते ती खालून, त्यामुळे या क्रमाला अर्थ आहे. कुलसचिवांकडे जाणाऱ्या अर्जात दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम २९ चा उल्लेख करा. ते संस्कृती आणि मनोरंजनातल्या सहभागाबद्दलच आहे, आणि कायद्याचा आकडा दिसला की फाइल जरा लवकर हलते, असा अनुभव आहे.

एक शब्दांचं. सरकारी पत्रात 'दिव्यांग' लिहावं लागेल. पण या क्षेत्रात काम करणारे बरेच जण स्वतःला 'अपंग'च म्हणवतात, कारण 'दिव्य' काही नाही असं त्यांचं म्हणणं आहे. ज्याच्याबद्दल लिहिता त्याला विचारा. 'मूकबधिर' मात्र कुठेच नको. कर्णबधिर माणूस मूक नसतो, त्याला भाषा असते.

टप्पा २ : जागा, टेप घेऊन

"आमच्याकडे रॅम्प आहे" या वाक्यावर कधीही विसंबू नका. टेप आणि व्हीलचेअर घेऊन फाटकापासून खुर्चीपर्यंत स्वतः जा.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे : जितके इंच चढ, तितके फूट लांबी. हेच १:१२ चं प्रमाण. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकली तर ती घसरगुंडी होते.

आता हाच हिशेब मंचाला लावून बघा. मंच तीन फूट उंच असेल तर ३६ फुटांचा रॅम्प हवा, शिवाय मध्ये सपाट थांबा. बहुतेक सभागृहांत तेवढी जागाच नसते. म्हणून मंच सोडा. सगळा कार्यक्रम खाली, पहिल्या रांगेसमोर, जमिनीवर घ्या. अध्यक्ष खाली, वक्ते खाली, दीपप्रज्वलनाची समईही खाली. एका कॉलेजात मी हे सुचवलं तेव्हा "अध्यक्षांना खाली कसं बसवायचं?" असा प्रश्न आला होता. खुर्चीवर, असं मी सांगितलं.

बाकी मापं अशी :

- दाराची मोकळी रुंदी तीन फूट. दुसरी झडप कायम कडीने बंद असेल तर ती उघडते का, ते बघा. बऱ्याचदा कडी गंजलेली असते.
- व्हीलचेअर वळायला पाच फुटांचा मोकळा चौक.
- व्हीलचेअरची जागा म्हणजे तीन फूट बाय चार फूट. त्यासाठी वेगवेगळ्या रांगांतल्या खुर्च्या काढा. सगळ्यांना मागच्या भिंतीला किंवा बाजूच्या वाटेत उभं करू नका, आणि प्रत्येक जागेशेजारी सोबत्याची एक खुर्ची ठेवा.
- स्वच्छतागृह. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या, मोडक्या ट्यूबलाइट ठेवलेल्या असतात आणि किल्ली मावशींकडे असते. मावशींची त्या दिवशी रजा नाही ना, हे आजच विचारा.
- लिफ्ट. वीज गेली तर ती जनरेटरवर चालते का? नसेल तर तळमजल्यावरचा लहान हॉल वरच्या मोठ्या सभागृहापेक्षा बरा.
- सभागृहाजवळ एक शांत खोली. मंद दिवा आणि दोन-तीन खुर्च्या एवढंच पुरे. स्वमग्न प्रेक्षकाला, किंवा आवाज सहन न झालेल्या कुणालाही, तिथे जाऊन बसता यायला हवं.

तपासा : व्हीलचेअरवर बसलेला माणूस कुणाच्याही मदतीशिवाय फाटकापासून खुर्ची, खुर्चीपासून स्वच्छतागृह आणि स्वच्छतागृहापासून माइक इथवर पोहोचतो का? एका ठिकाणी जरी "इथे जरा उचलू" म्हणावं लागलं तर जागा बदला.

टप्पा ३ : चित्रपट निवडताना

हातात चार-पाच नावं आली की प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. अपंग पात्राची भूमिका कोणी केली आहे? गोष्ट कुणाच्या नजरेतून दिसते, त्या पात्राच्या की त्याची काळजी वाहणाऱ्या आईच्या, शिक्षकाच्या, डॉक्टरच्या? आणि शेवटी त्या पात्राचं काय होतं? बरं होणं, मरणं किंवा पदक जिंकणं, या तीन शेवटांपलीकडे गेलेले चित्रपट मोजकेच आहेत.

उत्तरं प्रतिकूल आली म्हणून चित्रपट बाद करायला हवा असं नाही. चर्चेला तेच खाद्य असतं. पण दिवसभरात तिन्ही चित्रपट 'जिद्दीची कहाणी' असले, तर अपंग प्रेक्षक दुपारच्या चहाला निघून जातात, आणि त्यात त्यांची चूक नसते. महेश लिमये यांच्या 'यलो'मध्ये (२०१४) डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. असा एक आणि नावाजलेल्या नटाने अपंगत्व 'साकारलेला' एक, असे दोन समोरासमोर ठेवले तर चर्चा आपोआप उभी राहते. अपंग दिग्दर्शकाचा एखादा लघुपट असेल तर त्याला पहिली जागा द्या.

आता लांबी. इथे उत्साही मंडळी हमखास फसतात. अडीच तासांच्या चित्रपटाला कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन (पडद्यावर दिसतं त्याचं अंध प्रेक्षकासाठी बोलून केलेलं वर्णन) करणं नवशिक्या गटाच्या आवाक्याबाहेरचं आहे. आधीपासून दोन्ही उपलब्ध असलेला एक पूर्ण लांबीचा चित्रपट आणि तुम्ही स्वतः तयार कराल असे दहा ते वीस मिनिटांचे दोन लघुपट, एवढंच झेपतं.

तयार साहित्य मिळण्याची शक्यता आता वाढली आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि कर्णबधिरांसाठी कॅप्शन यांचा समावेश आहे. म्हणून अलीकडच्या चित्रपटाच्या निर्मात्याला पत्र लिहिताना परवानगीबरोबर हे दोन ट्रॅकही मागा. न मागता कुणी पाठवत नाही.

सावधान : परदेशी चित्रपट नुसत्या सबटायटलवर दाखवला तर अंध प्रेक्षकाला संवादसुद्धा कळत नाहीत. आयोजकांच्या हे लक्षातच येत नाही. सबटायटल वाचणारा वेगळा आवाज लागेल, आणि ते काम ऑडिओ डिस्क्रिप्शनहून निराळं आहे.

टप्पा ४ : परवानगी (सात आठवडे आधी)

दोन गैरसमज आधी काढू.

पहिला : "शैक्षणिक कामासाठी आहे, परवानगी कशाला?" कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सूट आहे खरी, पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तेव्हा. 'सर्वांसाठी खुला' असं पत्रिकेवर छापलंत की सूट गेली. आपला कार्यक्रम बाहेरच्या अपंग प्रेक्षकांनाही बोलावणारा असतो, त्यामुळे लेखी परवानगी लागतेच.

दुसरा : कॅप्शन किंवा वर्णन जोडायला निर्मात्याची हरकत येईल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याच कलमात अपंग व्यक्तींसाठी, नफा न कमावता, सुगम्य स्वरूपातली प्रत तयार करायला मुभा मिळाली आहे. मात्र ही मुभा सुगम्य प्रतीपुरती. जाहीर प्रदर्शनाची परवानगी तिच्यात येत नाही, ती वेगळी घ्या.

बाहेरच्या लोकांसमोर दाखवायचा चित्रपट प्रमाणित आहे का, तेही विचारून घ्या. विद्यार्थ्यांच्या आणि स्वतंत्र निर्मात्यांच्या लघुपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र बरेचदा नसतं. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट लावणं हा तर त्या खात्याच्या अटींचाच भंग, शिवाय ऐन वेळी इंटरनेट अडकतं ते वेगळंच.

टप्पा ५ : कॅप्शन (सहा आठवडे आधी)

सबटायटल आणि कॅप्शन यांत फरक आहे. सबटायटल भाषा न समजणाऱ्यासाठी असतं, कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी. म्हणून मराठी चित्रपटालाही मराठी कॅप्शन लागतं, आणि त्यात संवादाखेरीज आवाजही लिहावे लागतात.

सबटायटल एडिटसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या. यंत्राने काढलेला मजकूर सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण बोलीभाषेच्या संवादांत यंत्र अक्षरशः वाटेल ते लिहितं. प्रत्येक ओळ माणसाने कानाने तपासलेली हवी.

लिहिताना एवढं पाळा :

- एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपेक्षा जास्त नकोत. ओळ अर्थ तुटेल अशा जागी मोडू नका. 'तुझ्या' वर आणि 'आईला' खाली, असं नको.
- बोलणारा दिसत नसेल तर नाव द्या. आजी (आतून) : असं.
- आवाज नेमके लिहा. नुसतं [संगीत] लिहून काय कळणार? [दूरवर सनई, हळूहळू जवळ येते] असं लिहा. आणि जो आवाज गोष्टीत काही बदल घडवतो तोच लिहा, प्रत्येक कावळा टिपत बसू नका.
- बोली प्रमाण करू नका. पात्र "म्या न्हाई जानार" म्हणत असेल तर "मी जाणार नाही" लिहिणं म्हणजे त्या पात्राला दुसऱ्याच गावात नेऊन सोडणं.
- शिव्या गाळू नका. ऐकू येणाऱ्यांना त्या ऐकू येतात, मग बाकीच्यांवरच संस्कार कशाला?

कॅप्शनची फाइल एसआरटी स्वरूपात जतन करा, आणि जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्रपट आणि कॅप्शन यांच्या फाइलींना एकच नाव देऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवलं की कॅप्शन आपोआप लागतं. जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्ट बदलून बघा. तरीही शंका असेल तर कॅप्शन चित्रातच कायमचं छापून घ्या. ती प्रत कुठल्याही संगणकावर सारखीच दिसते.

तपासा : आवाज पूर्ण बंद करून, ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाला दहा मिनिटं दाखवा. मग गोष्ट सांगायला लावा.

टप्पा ६ : ऑडिओ डिस्क्रिप्शन

याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि 'कुणीतरी शेजारी बसून सांगेल' म्हणून हेच सगळ्यात आधी सोडून दिलं जातं. शेजारी बसून कुजबुजणारा माणूस संवादावर बोलतो, उशिरा बोलतो, आणि रंगात आला की बोलायचंच विसरतो. काम असं करा :

१. चित्रपट एकदा डोळे मिटून ऐका. कुठे काही कळलं नाही, त्या वेळा लिहून ठेवा. वर्णनाची गरज तिथेच आहे.

२. संवादांमधल्या मोकळ्या जागा सेकंदांत मोजा. चार सेकंदांत मराठीतली सात-आठ शब्दांची एक ओळ नीट बसते, त्याहून जास्त कोंबलं की आकाशवाणीच्या बाजारभावांसारखं ऐकू येतं.

३. वर्तमानकाळात लिहा आणि दिसतं ते सांगा, त्याचा अर्थ प्रेक्षकावर सोडा. "ती दुःखी होऊन एकटीच बसते" असं लिहू नका. "ती बाकाच्या टोकाला बसते. पिशवी मांडीवर घट्ट धरते" असं लिहा. दुःख प्रेक्षकाला कळतं.

४. पात्राचं नाव चित्रपटात कळेपर्यंत सांगू नका. तोवर 'हिरव्या साडीतली बाई'. रहस्य फोडायचा हक्क वर्णनकाराला नाही.

५. पडद्यावरची अक्षरं, म्हणजे पाटी, चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज आणि शेवटची श्रेयनामावली, वाचून दाखवा.

६. रंग सांगा. "अंधांना रंगांचं काय?" असं विचारणारे भेटतील. अनेकांना पूर्वी दिसत होतं, अनेकांना अंधूक दिसतं, आणि जन्मांध माणसालाही पांढरी साडी म्हणजे काय ते समाजाने शिकवलेलं असतं.

७. प्रत्येक शांतता भरू नका. एखाद्या प्रसंगात पावसाचाच आवाज पुरेसा असतो.

कॅमेऱ्याच्या हालचाली सांगाव्यात का, यावर दोन मतं आहेत. एरवी मी त्या टाळतो, पण विद्यापीठातल्या कार्यक्रमात पुढे चर्चा होणार असते. कॅमेरा अपंग पात्राकडे सतत वरून खाली बघत असेल तर अंध विद्यार्थ्याला ते ठाऊक असायलाच हवं, नाहीतर तो त्यावर बोलणार कसा? अशा दोन-तीन जागी सांगा.

संहिता झाली की ध्वनिमुद्रणाआधी अंध व्यक्तीबरोबर बसा. "आवडलं का?" असं विचारलंत तर ती भिडेखातर हो म्हणेल. "आत्ता कोण आत आलं? कुठे आहेत हे लोक?" असं विचारा. अडखळली ती जागा पुन्हा लिहा.

मुद्रणाला स्टुडिओच हवा असं नाही. गाद्या-रजया लावलेली खोली, बरा माइक आणि ऑडेसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. वाचणारा आवाज साधा हवा. एकांकिका स्पर्धेत बक्षीस मिळवलेला विद्यार्थी इथे बहुधा उपयोगाचा नसतो, तो प्रत्येक वाक्यात अभिनय करतो. वर्णनाच्या वेळी चित्रपटाचा आवाज थोडा खाली आणा, संवाद आला की पुन्हा पूर्ववत.

हे ऐकवायचं कसं? इअरफोनची व्यवस्था उत्तम, पण ती भरवशाची नसेल तर वर्णन सगळ्यांनाच ऐकवा. पहिली दहा मिनिटं डोळस प्रेक्षक कुरकुरतात, मग विसरतात. प्रत्येकाच्या मोबाइलवर वर्णन 'एक-दोन-तीन' म्हणत एकदम सुरू करायचा प्रयोगही मी पाहिला आहे. वीज दोन मिनिटं गेली आणि पुढचा तासभर खून होण्याआधीच पोलीस येत राहिले.

टप्पा ७ : दुभाषे (तारीख आठ आठवडे आधीच, साहित्य दोन आठवडे आधी)

तासाभरापेक्षा मोठ्या कार्यक्रमाला दोन दुभाषे लागतात, ते पंधरा-वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. "एकच द्या, परवडत नाही" म्हणालात तर दुपारनंतर हात आणि मेंदू दोन्ही थकलेल्या माणसाकडून चर्चा ऐकवून घ्याल. शोध नवी दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रातून शिकून बाहेर पडलेल्यांपासून, किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेपासून सुरू करा. दोन दिवसांचं शिबिर केलेली विद्यार्थिनी दुभाषी नसते. तिला स्वागतकक्षात बसवा, तिथे तिचा फार उपयोग होतो.

दुभाष्यांना भाषणांच्या प्रती, वक्त्यांची नावं, चित्रपटाचा दुवा आणि चर्चेत येणारे शब्द आधी पाठवा. 'सामाजिक प्रारूप' (अडचण शरीरात नसून भोवतालच्या अडथळ्यांत आहे, हा विचार) या शब्दाची खूण समोरासमोर उभं राहून शोधायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

सावधान : कॅप्शन आहे म्हणून दुभाषी फक्त भाषणांना, हे नेहमी पुरत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे, आणि तीच पहिली भाषा असलेल्या अनेकांना भराभर सरकणारं मराठी वाचणं जड जातं. चित्रपटाआधी पाच मिनिटं पात्रं आणि प्रसंगांची ओळख सांकेतिक भाषेत करून द्या.

टप्पा ८ : निमंत्रण (तीन आठवडे आधी)

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं रंगीत पोस्टर हे चित्र असतं, स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते वाचत नाही. प्रत्येक पोस्टरखाली तोच मजकूर साध्या टंकलेखनात टाका. पत्रिका श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करून पीडीएफ पाठवली तर अंध माणसाच्या कानावर निव्वळ निरर्थक अक्षरं पडतात. युनिकोडच वापरा.

नोंदणीच्या अर्जात "अपंगत्वाचा प्रकार व टक्केवारी" विचारू नका. "तुम्हाला काय सोय लागेल?" एवढंच विचारा, आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवलं तर ती होईल ते लिहा. दारात प्रमाणपत्र मागू नका. सोबत्याला वेगळी नोंदणी नको.

ज्या सोयी नाहीत त्याही पत्रिकेत लिहा. 'दुसऱ्या लघुपटाला ऑडिओ डिस्क्रिप्शन नाही' हे आधी कळलं तर माणूस त्या वेळी चहाला जातो. आत बसल्यावर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

चित्रपटांबरोबर चित्रांचं किंवा छायाचित्रांचं प्रदर्शन असेल तर चौकटी जरा खाली लावा, माहिती मोठ्या ठशात छापा, आणि किमान काही वस्तू हाताळता येतील अशा ठेवा. 'स्पर्श करू नये'ची पाटी इथे शोभत नाही.

टप्पा ९ : रंगीत तालीम (आदल्या दिवशी, त्याच संगणकावर)

तालीम म्हणजे प्रोजेक्टर लागतो का बघणं नव्हे. सगळे चित्रपट त्याच संगणकावर, त्याच स्पीकरवर, पाच-पाच मिनिटं चालवा. शेवटच्या रांगेतून कॅप्शन वाचा. समोरच्याच्या डोक्याआड जात असेल तर पडदा वर घ्या.

अंधार केल्यावर दुभाषी दिसतो का? बहुतेक ठिकाणी दिसत नाही, कारण सभागृहाचे दिवे सगळे एकाच बटणावर असतात. टेबललॅम्पसारखा छोटा दिवा दुभाष्यावर टाका, पडद्यावर नको. दुभाषी पडद्याशेजारी आणि कर्णबधिर प्रेक्षकांची आसनं त्याच बाजूला, पुढे. मागची भिंत साधी हवी. बॅनरवरच्या पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांसमोर हात दिसत नाहीत.

सभागृह काळंकुट्ट करू नका. मंद उजेड राहू द्या आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा प्रसंग असेल तर अपस्माराच्या रुग्णांसाठी आधीच सूचना द्या.

स्वयंसेवकांना अर्धा तास शिकवा : अंध व्यक्तीला ढकलायचं किंवा ओढायचं नाही, आपलं कोपर धरू द्यायचं. पांढरी काठी तिच्या हातातून घ्यायची नाही. न विचारता व्हीलचेअरला हात लावायचा नाही. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना दुभाष्याकडे बघायचं नाही, तिच्याकडे बघायचं.

टप्पा १० : कार्यक्रमाचा दिवस आणि चर्चा

प्रास्ताविक पाच मिनिटांत आवरा. त्यात सभागृह कसं आहे, दारं कुठे, शांत खोली कुठे, हे बोलून सांगा. सत्कार करायचाच असेल तर तो पाहुण्यांचा करा, अपंग विद्यार्थ्यांना उभं करून टाळ्या वाजवू नका.

चर्चेत अपंग वक्ता हवाच, पण त्याला "तुमचा संघर्ष सांगा" म्हणू नका. आपण चित्रपटाबद्दल बोलायला जमलो आहोत. विचारण्यासारखं बरंच असतं : घराला पायऱ्या होत्या, त्या कुणालाच का दिसल्या नाहीत? त्या पात्राला मित्र का नव्हते, प्रेम का नव्हतं, राग का नव्हता? दिग्दर्शकाने रडायची जागा नेमकी कुठे ठेवली, आणि तिथे कोण रडलं? पहिले दोन प्रश्न अपंग प्रेक्षकांकडून घ्या. नाहीतर पहिला हात कायम एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचा असतो, आणि तो प्रश्नही नसतो.

चर्चेचे नियम तीनच. बोलण्याआधी नाव सांगायचं, म्हणजे अंध श्रोत्याला कोण बोलतंय ते कळतं. एका वेळी एकानेच बोलायचं, दुभाष्याला दोनच हात आहेत. आणि माइकशिवाय बोलायचं नाही. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" म्हणणारे प्रत्येक सभागृहात दोन असतात. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला तो मोठा आवाज घुमलेला, फाटलेला ऐकू येतो. माइक हातात देईपर्यंत थांबा, आणि व्हीलचेअरपर्यंत माइक पोहोचवायला एक माणूस ठेवा.

तपासा : जेवणाच्या सुट्टीत फिरून बघा. बुफेचं टेबल व्हीलचेअरवरून गाठता येतं का? अंध प्रेक्षक ताटासाठी कुणाची वाट बघत उभे आहेत का? दुभाष्यांना जेवायला वेळ मिळाला का? सुट्टीतही सगळे त्यांनाच बोलावत असतात.

टप्पा ११ : दुसऱ्या दिवशी

अभिप्रायाचा कागद वाटू नका. पाच-सहा अपंग प्रेक्षकांना फोन करा, कर्णबधिरांना व्हिडिओ संदेश पाठवा, आणि एकच विचारा : "कुठे अडलं?" मिळालेली उत्तरं पुढच्या समितीसाठी लिहून ठेवा.

कॅप्शनची फाइल, वर्णनाची संहिता आणि ध्वनिमुद्रण चित्रपटाच्या नावाने एका फोल्डरमध्ये घालून ग्रंथालयात आणि निर्मात्याकडे, दोन्हीकडे द्या. एकाच लघुपटाचं वर्णन दोन विद्यापीठांत दोन गटांनी रात्री जागून केल्याचं मी पाहिलं आहे, एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

दुभाष्यांचं मानधन त्याच आठवड्यात जमा करा, आणि त्याच फोनवर पुढच्या वर्षीची तारीख घेऊन टाका.